खालची बाजू

भाड्याने खोली हवी म्हणून मी गेलो तेव्हा घरमालकांनी मला अंगणात उभे केले आणि माझ्याभोवती एक फेरी मारली. हात मागे बांधलेले, पावले सावकाश. पुन्हा समोर आल्यावर म्हणाले, "मानेवर, डाव्या बाजूला तीळ हाय. तुरीच्या डाळीएवढा. माहीत हाय का तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

"कुनालाच माहीत नसतं. म्हनून तर लिहावं लागतं."

मग त्यांनी किल्ली दिली. भाडे किती, पाणी कुठून भरायचे, हे मला नंतर शेजारच्या शिंप्याकडून कळले.

ही पंचावन्न सालच्या उन्हाळ्यातली, जालन्याच्या कादराबादेतली गोष्ट. मी एका दैनिकाचा नवा बातमीदार होतो. हे घरमालक निजामाच्या अमदानीत एका तालुक्याच्या ठाण्यात मोहरीर, म्हणजे लिहिणारे कारकून होते. तालुका कोणता ते मुद्दाम सांगत नाही. पकडून आणलेल्या माणसाचा हुलिया, म्हणजे अंगावरच्या ओळखीच्या खुणा, नोंदवहीत उतरवणे हे त्यांचे काम. व्रण, तीळ, गोंदण, तुटलेले नख. हे त्यांनी बावीस वर्षे केले. राज्य बदलले, कचेरीची भाषा बदलू लागली, आणि ते मुदतीआधीच घरी आले. गल्लीत सगळे त्यांना मोहरीरसाहेबच म्हणत.

कुणी पाठीमागून हाक मारली तर ते ओ देत नसत. हाक मारणाऱ्याने समोर यायचे, मगच नमस्कार. समोरून आलेल्या माणसाभोवती मात्र ते फेरी मारत. दूधवाली, पोस्टमन, मत मागायला आलेला उमेदवार, कुणीही सुटत नसे. शिंपी त्यांची थट्टा करी. "साहेब, सगळ्या गावाच्या पाठी पाहता. तुमची बंडी मागून वीतभर उसवली हाय, ती कधी पाह्यली?"

"तू पाह्यली ना? मंग शिव."

घरामागे बाग होती. बाग म्हणजे लिंबाचे एक झाड, कर्दळ, दोन केळी, तगर, आणि ज्याला दुसऱ्या कुणी तण म्हटले असते असे पुष्कळ काही. गवत ते कापू देत नसत. मातीवर पसरलेली कंबरमोडी आणि तिची पिवळट फुले यांवरून चालायला मनाई होती. मधोमध कोरडा आड होता, माणूस जेमतेम उतरेल एवढ्या तोंडाचा. त्याच्या दगडी कडेवर त्यांची जागा ठरलेली होती. एक काचेचा पेला, खिडकीच्या तावदानाचा एक तुकडा, भिंग आणि लांब पाठीची वही.

त्या बागेत ते एका जातीची फुलपाखरे पाहत. मोठी, रंगीत, सगळ्यांना ठाऊक असलेली नव्हेत. ही लहान, अंगाने जाड, पंखाने आखूड, मातकट रंगाची असतात. डोके रुंद, मिशांच्या टोकाला आकडा. सरळ उडत नाहीत, एका फुलावरून दुसऱ्यावर फेकल्यासारखी उसळतात. नजर तिथे पोचेपर्यंत ती जागा सोडलेली असते. गावात त्यांना नाव नव्हते. मोहरीरसाहेब त्यांना 'फरारी' म्हणत.

मी एकदा फुलपाखरू म्हणालो. ते म्हणाले, "फुलपाखरू मिरवायला येतं. हे कामाला येतं."

त्यांतले काळ्यावर पांढऱ्या चौकड्यांचे एक कंबरमोडीवर बसे. केळीच्या पानाची सुरळी करून राहणारी एक अळी होती. तिचे फुलपाखरू तिन्हीसांजेला निघे आणि त्याचे डोळे लाल होते. पण त्यांचे मुख्य लक्ष आडावर. आडाच्या आतल्या कपारींत, ऊन पोचत नाही तिथे, एक तपकिरी जात राही. दगडाच्या खालच्या बाजूला, उलटी, पंख सपाट पसरून. पहिल्यांदा वाकून पाहिले तेव्हा मला ते दगडावरचे डाग वाटले. मोहरीरसाहेबांनी काठीने दगडावर टकटक केली. सगळे डाग एकदम उठले, आतल्या आत फिरले आणि पुन्हा जागच्या जागी बसले. आवाज काहीच झाला नाही.

ही जात पंख मिटून बसत नाही. त्यामुळे तिची पाठ तेवढी दिसते. शेतकी खात्यातल्या कुणी एकाने त्यांना कधीतरी सांगितले होते, की यांच्यात वरून हुबेहूब दिसणारी दोन खालून वेगळी निघतात. हे ऐकल्यापासून आपल्याला झोप लागली नाही, असे ते सांगत. अतिशयोक्ती करणारे ते नव्हते.

त्यांची पद्धत अशी. बसलेल्या फरारीवर पेला उपडा घालायचा. खालून तावदान सरकवायचे. आधी वरची बाजू पाहून लिहायची. मग तावदान पेल्यासकट उचलून डोक्यावर धरायचे आणि काचेतून खालची बाजू पाहायची. ठिपके मोजायचे. मग सोडून द्यायचे. मारलेले एकही त्यांच्याकडे नव्हते.

वहीत चार रकाने होते. दिवस, वरची बाजू, खालची बाजू, नाव. ते उर्दूत लिहीत. मी राहायला आल्यावर महिन्याभराने त्यांनी दुसरी वही आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "तुम्ही मराठीत लिहा. मी काय पाह्यलं ते इचारायचं न्हाई. आपलं आपलं लिहायचं, मंग वाचायचं. दोन्ही बराबर आलं तर नाव. न्हाईतर न्हाई."

एका बातमीला दोन साक्षी, हे मला कार्यालयातही शिकवत होते. मी कबूल झालो. सकाळचा अर्धा तास जाई. दोन्ही वह्या बहुतेक जुळत, तरी नावाचा रकाना ते बहुतेक रिकामाच ठेवत. मी कारण विचारले. "नाव लिहिलं की मानूस संपतो," ते म्हणाले. फरारी म्हणाले नाहीत, माणूस म्हणाले. मी ते ऐकले आणि तेव्हा सोडून दिले.

पितृपक्षातल्या पंचमीला वाटूरकडून एक बाई आली. तिशीची असेल. कपाळावर कुंकू ठसठशीत, रुपयाएवढे. मोहरीरसाहेब तिच्याभोवती फिरले नाहीत. ते उठून उभे राहिले, तिला पाणी दिले आणि म्हणाले, "बस माय."

ती बसली नाही. "सायब, हात पाह्यला व्हता का?"

"कागदात लिहिलंय, माय."

"कागदात काय लिहिलंय ते मला तोंडपाठ हाय. तुमी पाह्यला व्हता का?"

"कागद बराबर हाय."

ती पाणी प्यायली, भांडे उपडे घातले आणि दुपारच्या मोटारीने परत गेली. शिंप्याने मला हकीकत सांगितली. तिचा नवरा अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या गडबडीत घरून गेला तो परत आला नाही. त्याआधी कुठल्याशा मिरवणुकीत तो धरला गेला होता, तेव्हा त्याचा हुलिया मोहरीरसाहेबांनीच लिहिला होता. पुढे एका नाल्यात एक प्रेत सापडले. पाठीवरच्या भाजल्याच्या डागावरून ते त्याचे ठरले. ती पोचेपर्यंत दहन झालेले होते. तिला कागद वाचून दाखवला: पाठीवर डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली भाजल्याचा डाग, उजव्या मनगटावर आतून गोंदलेला विंचू. तिने विचारले, विंचू कुणी पाहिला? तेव्हापासून तेच विचारते. षष्ठीला दीर भावाचे श्राद्ध घालतो, म्हणून ही आदल्या दिवशी येऊन विचारून जाते. कुंकू पुसत नाही. बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणे बंद केले आहे.

"सायबांनी लिहिलंय म्हनल्यावर विंचू असनारच," शिंपी म्हणाला. "पर बाईमानसाला कोन समजावनार?"

त्याच दिवशी सकाळी, ती येण्याआधी, आम्ही आडातून वर आलेल्या एका फरारीची नोंद केली होती. ते आपण होऊन वर आले आणि कडेवर उन्हात बसले. तपकिरी, पुढच्या पंखांवर बारीक पांढरे ठिपके, आणि डाव्या मागच्या पंखाला कोपऱ्यात कात्रीने काढावी तशी त्रिकोणी खाच. पाखराच्या चोचीने अशी खाच पडते. तोवर त्यात विशेष काही नव्हते.

पुढच्या वर्षी पंचमीला ते पुन्हा आले. तोच पंख, तोच कोपरा, तेवढीच खाच. मोहरीरसाहेबांनी मला त्यांच्या वहीतल्या मागच्या नोंदी वाचून दाखवल्या. मी येण्याआधीची तीन वर्षेही हीच नोंद होती, याच दिवशी. हा किडा फार तर काही आठवडे जगतो, हे मी पुढे विचारून घेतले. पंचमीची इंग्रजी तारीख दर वर्षी बदलते, कधी अकरा दिवसांनी मागे, कधी एकोणीस दिवसांनी पुढे. ऋतूचे भान किड्याला असते. पंचांगाचे असते असे मला कुणी सांगितलेले नाही. तोवरची दोन वर्षे मी पाहिले ते लिहिले आहे. आधीच्या तीन वर्षांना त्यांची एकट्याची साक्ष आहे.

"हे तेच आहे का?" मी विचारले.

"वरून," ते म्हणाले.

त्या दुपारी बाई आली. प्रश्न तोच, उत्तर तेच.

सत्तावन्न साली मी चुकलो. पंचमीला दहाच्या मोटारीने मला भोकरदनला एका सभेला जायचे होते. फरारी वर आले, पेला पडला. मोहरीरसाहेबांनी आधी पाहून लिहिले आणि पेला माझ्याकडे दिला. मी वरची बाजू पाहिली. खाच होती. तेच, असे मी मनाशी म्हणालो, आणि खालची बाजू मागच्या वर्षीच्या नोंदीतून उतरवून काढली. दोन मिनिटे वाचली.

आम्ही वाचायला बसलो.

"खालून किती ठिपके?"

"मागच्या पंखाच्या कडेला चार."

"मोजले?"

"मोजले."

त्यांनी तावदान उचलले आणि माझ्या डोक्यावर धरले. "मोजा."

तीन होते. मी दोनदा मोजले. काचेपलीकडे ते अंग हलत नव्हते, पाय तेवढे काचेला चिकटलेले. त्यांचा हात स्थिर होता. मग त्यांनी तावदान खाली ठेवले. ते रागावतील असे मला वाटले होते.

"जल्दी होती?" त्यांनी विचारले.

"हो."

"मलाबी होती."

आणि मग आडाच्या कडेवर बसून त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. "तीन दिसांचं प्रेत व्हतं. पालथं. तोंड वळखू येत नव्हतं. वास असा की कुनी जवळ थांबेना. वरचे म्हनले, जल्दी उरका. मला पाठीवरचा डाग दिसला. म्या वळखला. डाग म्याच लिहिल्ता ना. मंग नोंदवही उघडली आन बाकीचं तिच्यातून उतरवलं. इंचू, कानामागचा तीळ, समदं. आमी समदेच असं करायचो. एक निशानी जुळली की बाकीचं वहीतून. उलटं कुनी केलंच न्हाई त्याला."

"म्हणजे विंचू…"

"इंचू म्या वहीत पाह्यला."

दहाची मोटार गेली. पेल्यातले फरारी सोडायचे राहून गेले होते. मी पेला उचलला तेव्हा ते उसळी मारून आडात उतरले.

दुपारी बाई आली. पाणी घेऊन तिने विचारले, "सायब, हात पाह्यला व्हता का?"

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई पाह्यला, माय. प्रेत उलटं केलंच न्हाई. म्या वहीतून लिहिलं."

मला वाटले ती रडेल, किंवा त्यांना शिव्या देईल. ती पहिल्यांदाच खाली बसली. भांडे हातातच होते.

"मंग कोन व्हतं ते?"

"माहीत न्हाई."

"माझ्या मालकाच्या नावानं दुसऱ्याच कुनाचं सराद चालू हाय का मंग?"

ते तिच्यासमोर खाली बसले.

"नऊ वर्सं तुमी हो म्हनायचे," ती म्हणाली, "म्हनून मला घरी जाऊन न्हाई म्हनता येत व्हतं. आता तुमीच न्हाई म्हनले. मंग मी काय म्हनू?"

मी कागद घेतला. त्यांनी सांगितले ते मराठीत लिहिले, त्यांनी खाली उर्दूत सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. बाईने कागद वाचून घेतला नाही. पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात ठेवला आणि गेली. दिराने तो पाहून "म्हाताऱ्याला चळ लागला" एवढेच म्हटले आणि श्राद्ध घातले, हे पुढच्या वर्षी तिच्याकडून कळले.

त्या दिवसानंतर मोहरीरसाहेब लोकांभोवती फिरेनासे झाले. पोस्टमनलाही चुकल्यासारखे वाटे. तो अंगणात क्षणभर थांबून राही. आडाकडे मात्र ते अधिक वेळ बसत, वाकून, कपारींत बघत. एकदा मी विचारले, काय पाहता? ते म्हणाले, "समदे पालथे हायेत."

अठ्ठावन्न सालच्या आषाढात एका सकाळी ते बागेत पडलेले दिसले. आडाच्या कडेशी, पालथे. अंग थंड होते. रात्री पाऊस येऊन गेला होता. शिंपी धावत आला. मागोमाग जमादार आला, आणि उभ्याउभ्याच कागद काढून लिहू लागला.

"त्यांना उलटे करा," मी म्हणालो.

"अहो, मोहरीरसाहेबच हायेत," शिंपी म्हणाला. "बंडी म्या शिवलेली हाय. ही पाहा माझी टीप."

"उलटे करा."

जमादाराने माझ्याकडे पाहिले आणि लिहायचे थांबवले. शिंप्याने आणि मी त्यांना उताणे केले. तेच होते. डोळे उघडे होते आणि ओठांना ओली माती लागलेली होती. डाव्या हाताच्या मुठीत पेला होता, फुटलेला नव्हता. जमादाराने लिहिले. मी त्याला प्रत्येक ओळ वाचून दाखवायला लावली.

त्यांना जवळचे कुणी नव्हते. दूरच्या पुतण्याने घर ताब्यात घेतले आणि मला राहू दिले. वह्या माझ्याकडे आल्या. मी सकाळचा अर्धा तास सोडला नाही, पण आता दुसरी साक्ष नव्हती, त्यामुळे नावाचा रकाना मी पूर्ण रिकामा ठेवला.

पंचमीला बाई आली. ते गेल्याचे तिला माहीत नव्हते. मी सांगितले. ती बागेत आडापाशी जाऊन उभी राहिली. कुंकू होते.

त्या वर्षी फरारी सकाळी आले नव्हते. मी नऊपर्यंत वाट पाहिली होती. आता दुपार होती, ऊन आडाच्या कडेवर सरळ पडले होते. आम्ही उभे असतानाच ते वर आले आणि तिच्यापासून हातभर अंतरावर बसले. पंख सपाट. डाव्या मागच्या पंखाला खाच.

मी पेला घातला, तावदान सरकवले, वरची बाजू लिहिली. गेल्या वर्षीची नोंद मी उघडलीच नव्हती. लिहून झाल्यावर ताडून पाहिली. शब्दाला शब्द जुळत होता.

"हे काय करून राह्यले तुमी?" तिने विचारले.

मी पद्धत सांगितली. वरून सारखे दिसते ते खालून वेगळे असू शकते, म्हणून उचलून पाहायचे, मगच ठरवायचे. मोहरीरसाहेब तसे करत.

"द्या इकडं."

तिने दोन्ही हातांनी तावदान धरले आणि डोक्यावर नेले. मान वर केली. काचेतून आलेले ऊन तिच्या तोंडावर पडले आणि त्यात त्या पंखांची सावली. मी तिच्या बाजूला उभा होतो. तिथून मला काचेची कड आणि पेला एवढेच दिसत होते. तिने किती वेळ पाहिले ते मी मोजले नाही. ठिपके मोजायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त. तिचे ओठ हलले नाहीत. एकदा तिने डाव्या हाताने काच पेलून धरली आणि उजवा हात खाली घेतला, मनगट उताणे करून त्याच्याकडे पाहिले, आणि पुन्हा वर धरला.

मग तावदान आडाच्या कडेवर ठेवले आणि मी काही म्हणण्याआधी पेला उचलला. फरारी आडात गेले नाही. ते कुंपणावरून बाहेर गेले.

"हा न्हाई," ती म्हणाली.

तिने पाणी मागितले नाही. मोटारीला वेळ होता तरी गेली.

एकोणसाठ साली पंचमीला ती आली नाही. फरारीही आले नाही. आडात इतर होते, मी काठीने टकटक करून पाहिले, खाचेचे नव्हते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी मी परतूरकडे कामाला चाललो होतो. वाटूरच्या फाट्यावर मोटार चहासाठी थांबली. ती रस्त्याच्या कडेला तुरीच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती. मी समोरून गेलो म्हणून तिने मला ओळखले. कपाळ मोकळे होते. कुंकवाच्या जागी कातडी जरा उजळ दिसत होती.

"बाई, तुम्ही तर 'हा न्हाई' म्हणाला होतात," मी म्हणालो.

"तुमाला म्हनले," ती म्हणाली, आणि पाटीतल्या शेंगा सारख्या करू लागली.

मोटारवाल्याने भोंगा वाजवला. मी पुढे काही विचारले नाही. विचारायला हवे होते, असे माझे कार्यालय म्हणाले असते.

वही अजून माझ्याकडे आहे. अठ्ठावन्न सालच्या पंचमीची नोंद तिच्यात आहे. दिवस आहे. वरची बाजू आहे, खाचेसकट. खालच्या बाजूच्या रकान्यात मागच्या नोंदीवरून काही उतरवणे सोपे होते. तिथे मी लिहिले आहे: पाहिली नाही.